नेकेड की फेअरिंगवाली, हा वाद मुळात आला कुठून

दसरा जवळ आला की नाशकात कॉलेज रोडच्या कुठल्याही कट्ट्यावर हीच चर्चा असते, यामाहाची एमटी घेऊ की आर१५, केटीएमची ड्यूक की आरसी, म्हणजे नेकेड (इंजिन उघडं असलेली) की फेअरिंगवाली (तोंड आणि बाजू प्लास्टिकच्या आवरणाने झाकलेली), आणि त्यात फिरून फिरून दोनच मुद्दे येतात, एक म्हणजे फेअरिंगवाली दिसायला भारी आणि दुसरा म्हणजे फेअरिंगवालीवर मनगटं आणि कंबर दुखते. पहिल्याला काही उत्तर नाही, ज्याची त्याची आवड. दुसरा मात्र अर्धवट आहे, कारण मनगट प्लास्टिकमुळे दुखत नाही, खाली बसवलेल्या हँडलमुळे दुखतं. फेअरिंग आणि बसायची पोझिशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र बांधल्या गेल्या त्याला एक इतिहास आहे आणि आपल्याकडे तर तो इतिहास जवळजवळ उलटा घडलाय.

सुरुवातीला सगळ्या बाइक उघड्याच होत्या. झाकायची गरज पडली ती रेसमध्ये, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ५० वरून १०० ला गेलात की विरोध चौपट आणि तो विरोध कापायला लागणारी ताकद आठपट. दर वेळी इंजिन वाढवत बसण्यापेक्षा हवेला गुळगुळीत वाट करून देणं सोपं, हे युरोपातल्या रेसवाल्यांना लवकर कळलं. इटलीच्या मोटो गुझीने तर १९५० च्या दशकात मांडेल्लोच्या कारखान्यात स्वतःचं विंड टनेल, म्हणजे जोरात वारा सोडून बाइकचा आकार तपासायचा बोगदा, उभं केलं. त्याच काळात डस्टबिन फेअरिंग आली, पुढच्या चाकासकट बाइकचं सगळं तोंड एका मोठ्या टोपात झाकलेलं. १९५७ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी या रस्त्यावरच्या रेसमध्ये बॉब मॅकिंटायरने ताशी १०० मैलांच्या सरासरीची पहिली लॅप मारली, म्हणजे साधारण १६० किमी, ती असली फेअरिंग लावलेल्या गिलेरा या इटालियन बाइकवरच.

पण आडवा वारा आला की हा टोप शिडासारखा भरायचा आणि बाइक बाजूला ढकलली जायची. पिंपळगाव सोडून चांदवडकडे जाताना उघड्या माळावर वारा सुटलेला असताना ट्रकच्या आडोशातून एकदम बाहेर या, मग चाक झाकल्यावर काय होत असेल त्याचा अंदाज येईल. शेवटी एफआयएमने, म्हणजे मोटरसायकल रेसच्या जागतिक संघटनेने, १९५८ च्या सीझनपासून पुढचं चाक झाकणाऱ्या फेअरिंगवर बंदी घातली. त्यानंतर चाक उघडं आणि इंजिनाच्या बाजू झाकलेल्या असा जो आकार आला, त्याला डॉल्फिन म्हणायचे, तोच थोडाफार बदलत आजच्या आर१५ पर्यंत आलाय. म्हणजे आपल्या डोळ्यांना जो आकार 'स्पोर्टी' वाटतो तो निम्मा तरी एका बंदीमुळे ठरलाय.

आता गंमत बघा, रस्त्यावरच्या बाइकला फेअरिंग आली ती वेगासाठी कमी आणि आरामासाठी जास्त. बीएमडब्ल्यूची आर१००आरएस १९७६ मध्ये कंपनीतूनच पूर्ण फेअरिंग लावून आली, तिचा आकार पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीच्या विंड टनेलमध्ये घासूनपुसून ठरवला होता आणि उद्देश काय तर दिवसभर हायवेवर चालवणाऱ्याच्या छातीवर वारा आणि पाऊस कमी यावा. त्याआधी १९७५ मध्ये होंडाने गोल्ड विंग आणली ती तर चक्क नेकेड होती! अमेरिकेतले लोक तिच्यावर क्रेग व्हेटरची विंडजॅमर फेअरिंग बाहेरून बसवून घ्यायचे, इतके की १९८० मध्ये होंडाने स्वतःच फेअरिंगवालं मॉडेल काढलं. म्हणजे तेव्हा कोणी 'फेअरिंग घेतली तर कंबर जाईल' म्हटलं असतं तर लोक हसले असते.

गाठ मारली गेली १९८५ ला. सुझुकीची जीएसएक्स-आर७५० आली, ॲल्युमिनियमची फ्रेम, १०० हॉर्सपॉवर, आणि अंगावर रेसच्या बाइकची सगळी कपडे, म्हणजे पूर्ण फेअरिंग, खाली क्लिप-ऑन हँडल (पुढच्या फोर्कच्या नळ्यांना वेगवेगळे आवळलेले दोन तुकडे), मागे आणि वर सरकवलेले फूटरेस्ट. रेसमध्ये या तिन्ही गोष्टी एकत्र असतात कारण रायडरने टाकीवर झोपून त्या काचेच्या मागे लपायचं असतं, लपला नाही तर फेअरिंगचा अर्धा फायदा वाया जातो. पण रस्त्यावर ते पॅकेज तसंच्या तसं आलं आणि मग सगळ्या जपानी कंपन्यांनी तोच रस्ता धरला, १९९२ ची होंडा सीबीआर९००आरआर, १९९८ ची यामाहा आर१, प्रत्येक जण आधीच्यापेक्षा हलकी आणि धारदार. तेव्हापासून लोकांच्या डोक्यात फेअरिंग म्हणजे वाकून बसणं हे पक्कं बसलं.

मग या बाइक पडायला लागल्या, पडणारच होत्या. एवढ्या प्लास्टिकवाली बाइक नुसती घसरली तरी एका बाजूचे सगळे पॅनल गेले, इंजिन आणि फ्रेम मात्र ठणठणीत. इंग्लंड आणि जर्मनीतल्या पोरांनी नवीन पॅनल घेण्याऐवजी उरलेलं प्लास्टिक काढूनच टाकलं, रुंद सरळ हँडल बसवलं, पुढे दोन गोल लाइट लावले आणि झाली स्ट्रीटफायटर. आज शोरूममध्ये ज्याला स्टाइल म्हणून विकतात ती मुळात खर्च टाळायची युक्ती होती, मला हा सगळ्या इतिहासातला सगळ्यात आवडता भाग वाटतो. ट्रायम्फने १९९४ मध्ये स्पीड ट्रिपल आणली आणि १९९७ च्या मॉडेलला ते दोन गोल डोळे कंपनीतूनच दिले.

डुकाटीची गोष्ट थोडी वेगळी. मिगेल गालुझी नावाच्या डिझायनरने घरातलेच पार्ट जुळवले, ८५१ सुपरबाइकच्या जातीची फ्रेम, ९००एसएसचं इंजिन, वर एक गुबगुबीत टाकी, बाकी काही झाकायचं नाही. १९९२ ला कोलोनच्या शोमध्ये ती मॉन्स्टर म्हणून दाखवली, पुढच्या वर्षी विक्रीला आली आणि डुकाटीला तिने अक्षरशः जगवलं. तिथून पुढे नेकेड म्हणजे 'फेअरिंग परवडली नाही' असं राहिलं नाही, मुद्दाम उघडी ठेवलेली बाइक हा वेगळा वर्गच झाला.

आपल्याकडे या काळात काय होतं? आरएक्स१००, राजदूतची ३५०, येझदी, बुलेट. कोणाला फेअरिंग नाही, फार तर कोणीतरी बुलेटला मोठी काच लावलेली. १९९९ ला सीबीझेड, २००१ च्या शेवटी पल्सर, त्याही उघड्याच. खरा धक्का बसला २००३ ला हिरो होंडाच्या करिझ्माने, २२३ सीसी, जाहिरातीत हृतिक रोशन, आणि पुढे बॉडीला फिक्स असलेली हाफ फेअरिंग. ज्यांनी तोपर्यंत फक्त हँडलसोबत वळणारा लाइट बघितला होता त्यांना पहिल्या रात्री चमत्कारिकच वाटायचं, हँडल वळवलं तरी उजेड सरळच. पण करिझ्मावर बसायची पोझिशन बघा, हँडल चांगलं वर, पाठ जवळजवळ सरळ, नाशिक-पुणे एका दमात जाऊन या असली. म्हणजे आपल्याकडे फेअरिंग आली तीच मुळी आरामशीर बाइकवर, जशी ती १९७६ ला बीएमडब्ल्यूवर आली होती. २००७ ची पल्सर २२०, आधी फ्युएल इंजेक्शनवाली डीटीएस-एफआय आणि २००९ ला 'फास्टेस्ट इंडियन' म्हणून गाजलेली कार्ब्युरेटरवाली, तीही हाफ फेअरिंगचीच आणि तिच्यावरही कोणाची कंबर मोडली नाही.

गाठ आपल्याकडे आली २००८ ला, यामाहा आर१५ घेऊन. १५० सीसीचं लिक्विड कूल्ड इंजिन, डेल्टाबॉक्स फ्रेम, सहा गिअर, क्लिप-ऑन आणि पूर्ण फेअरिंग, किंमत लाखाच्या घरात. त्याच वर्षी यामाहानेच एफझेड१६ आणली, रुंद मागचा टायर, उघडी, दिसायला पैलवान, पण इंजिन साधं एअर कूल्ड. इथे एक गैरसमज रुजला जो अजून गेला नाही. युरोपात नेकेड आणि फेअरिंगवाली बऱ्याचदा एकाच इंजिनाच्या बहिणी होत्या, आपल्याकडे मात्र फेअरिंग म्हणजे वरचं इंजिन आणि नेकेड म्हणजे खालचं असं समीकरण झालं. त्यामुळे ज्याला आर१५ चं इंजिन हवं त्याला तिचं वाकणंही घ्यावं लागलं, पर्यायच नव्हता. २०११ च्या व्हर्जन २ ला मागची सीट वेगळी आणि उंच केली, मग तर आईला मागे बसवून कालिका मातेच्या यात्रेला न्यायचं म्हटलं तरी आई रिक्षाच बघायची.

ही उतरंड मोडली २०१२ ला. जानेवारीत चाकणमध्ये बनलेली केटीएम २०० ड्यूक आली, २५ हॉर्सपॉवर, पूर्ण उघडी, आणि त्याच वर्षी बजाजची पल्सर २००एनएस. पहिल्यांदाच नेकेड ही गल्लीतली वेगवान बाइक ठरली. आणि क्रम बघा, फेअरिंगवाल्या बहिणी नंतर आल्या, आरसी २०१४ ला, पल्सर आरएस२०० २०१५ ला. त्यातही फरक आहे. आरसीवर हँडल खाली, फ्रेमचा पुढचा कोन ड्यूकपेक्षा उभा, व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) थोडा कमी, ती खरंच वळणासाठी बांधलेली आहे. आरएस२०० ला पूर्ण फेअरिंग असूनही हँडल बऱ्यापैकी वर. दोन्ही एकाच कंपनीच्या छताखालून आल्या पण एकीने गाठ ठेवली आणि दुसरीने सोडवली. यामाहाला मात्र आर१५ ची उघडी बहीण काढायला २०१९ उजाडलं, एमटी-१५, तेव्हाच्या आर१५ चंच १५५ सीसी इंजिन, तीच डेल्टाबॉक्स. टीव्हीएसने तर २०१७ च्या शेवटी अपाचे आरआर३१० आणली आणि तिची नेकेड आरटीआर३१० यायला २०२३. बजाजने २०२१ ला एन२५० आणि एफ२५० एकाच दिवशी आणल्या, इंजिन एकच, वजनात फरक जेमतेम दोनेक किलोचा.

म्हणजे आत्ता कुठे आपल्याकडे हा प्रश्न खरा प्रश्न झालाय, आधी तो बजेटचा प्रश्न होता.

नाशकात त्याचं उत्तर काय, तर बाइक कुठे फिरणार ते बघा. कायद्याने चौपदरी हायवेवर बाइकला ८० ची मर्यादा आहे, आणि समृद्धीवर, जिथे फेअरिंगचे पैसे खरे वसूल झाले असते, तिथे टू-व्हीलरला एंट्रीच नाही. पण ८० लासुद्धा समोरून वारा असेल तर घोटी ते विल्होळी नेकेडवर छाती आणि मान बोलायला लागते, हँडलला लटकून बसल्यासारखं होतं, आणि पावसाळ्यात इगतपुरीच्या पट्ट्यात गुडघ्याखाली जो फवारा बसतो तो फेअरिंग बराच अडवते. उलट नांदुरीवरून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना किंवा शालिमारच्या गर्दीतून निघताना रुंद हँडलची नेकेड जास्त ऐकते. मे महिन्यात द्वारकेच्या सिग्नलला रेडिएटरचा फॅन सुरू झाला की फेअरिंगवालीची गरम हवा पॅनलच्या फटीतून थेट नडगीवर येते, मॉडेलनुसार कमीजास्त, पण येते.

आणि पडल्यावरचं गणित. सातपूरच्या एखाद्या गॅरेजात उभं राहून पॅनल, म्हणजे आपल्या भाषेत फायबर, उतरवताना एकदा बघाच. आधी ॲलन की ने बोल्ट, मग त्या दाबून काढायच्या क्लिपा, मग आतून अडकवलेले छोटे कान. बोल्ट निघतात, कान तुटतात. मग मेकॅनिक तारेच्या जाळीचा तुकडा तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने प्लास्टिकमध्ये दाबून बसवतो, वरून लांबी (पुट्टी), वरून रंग, आणि स्टिकर कधीच जुन्याशी मॅच होत नाही. नुसता प्लग बघायचा असला तरी काही मॉडेलला ही सगळी कपडे उतरवावी लागतात. इन्शुरन्समध्ये साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे अर्धा खर्च खिशातून, त्यामुळे फेअरिंगवाली घ्यायची तर झीरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) घ्याच, तिथे हात आखडू नका. नेकेडला पडल्यावर साधारण लिव्हर, इंडिकेटर, हँडल आणि टाकीला पोचा, पण रेडिएटर आणि इंजिनचं कव्हर उघडं असतं, तिला क्रॅश गार्ड नाहीतर स्लायडर हवेच.

माझं मत विचाराल तर बाइक निवडताना आधी हँडल निवडा, प्लास्टिक नंतर. सीटवर बसून कोपर किंचित वाकलेलं राहतं का, वजन तळहातावर येतंय की बुडावर, पाय टेकून मान वर करून सिग्नल दिसतो का, हे बघा. टेस्ट राइडला शोरूमवाले बहुतेक एका चौकाच्या पुढे जाऊ देत नाहीत आणि तेवढ्यात काही कळत नाही, त्यामुळे दोन्ही प्रकारातली एकेक बाइक मित्राकडून मागून घ्या आणि एकदा पाथर्डी फाट्यावरून घोटीपर्यंत आणि एकदा संध्याकाळी सहाला सीबीएसवरून पंचवटीत फिरवा. टाकी फुल करून परत द्या म्हणजे पुढच्या वेळीही मिळेल.