अल्बमची वर्षपूर्ती

गाजलेला गीतसंग्रह प्रकाशित होऊन २५, ४० किंवा ५० वर्षे झाली की तो पुन्हा सलग ऐकणे, त्याची नव्याने समीक्षा करणे व विस्तारित आवृत्ती काढणे, अशी ही प्रथा आहे. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात ती सीडीच्या प्रसाराबरोबर, बहुधा १९८० नंतर, रुजली असावी.

अल्बमचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. ओडियन कंपनीने १९०९ मध्ये रशियन संगीतकार चायकॉव्स्कीच्या ‘नटक्रॅकर’ संचाच्या चार तबकड्या एकत्र विकल्या, तो पहिला अल्बम होय, असे काही अभ्यासक मानतात. मात्र मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या १० इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे संगीत मावे. कोलंबिया कंपनीने २१ जून १९४८ रोजी न्यूयॉर्क येथे ३३⅓ फेऱ्यांची १२ इंची एलपी (लाँग प्ले, म्हणजे दीर्घकाळ चालणारी तबकडी) सादर केली आणि एक बाजू वीस मिनिटांहून अधिक चालू लागली. गाण्यांचा क्रम हाच रचनेचा भाग होऊ शकला तो तेव्हापासून. म्हणून १९४८ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

वर्षपूर्तीची तारीख ठरविणे हेही वादाचे आहे. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ची अधिकृत तारीख १ जून १९६७. ब्रिटनमध्ये मात्र तो त्याआधीच, २६ मे रोजी, विक्रीस आला. वीस वर्षांनंतरची सीडी १ जून १९८७ रोजी निघाली, तर पन्नाशीची आवृत्ती २६ मे २०१७ रोजी. एकाच अल्बमच्या दोन वर्षपूर्ती अशा वेगवेगळ्या दिवशी पडल्या. प्रत्यक्ष विक्रीचा दिवस प्रमाण मानणे बरे. कारण ऐकणाऱ्यापर्यंत संगीत त्याच दिवशी पोहोचते. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ अमेरिकेत १ मार्च १९७३ रोजी निघाला, ब्रिटनमध्ये त्यानंतर. मायकेल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ नोव्हेंबर १९८२ अखेरचा. त्याची पंचविशीची आवृत्ती फेब्रुवारी २००८ मध्ये आली.

नव्या आवृत्तीत दोन निराळी कामे असतात व त्यांची गल्लत होऊ नये. रीमास्टरमध्ये सर्व आवाज एकत्र केलेल्या तयार मिश्रणाची पातळी व स्वरपोत सुधारतात. रीमिक्समध्ये सुट्या ट्रॅकवरून (वेगवेगळ्या आवाजांच्या स्वतंत्र मुद्रणांवरून) मिश्रणच नव्याने बांधतात. १९६७ मध्ये चार ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या फितीवर उतरवीत आणि प्रत्येक उतरवणीत स्पष्टता घटे. ‘सार्जंट पेपर्स’च्या २०१७ च्या आवृत्तीसाठी निर्माते जाइल्स मार्टिन यांनी उतरवणीपूर्वीच्या फिती वापरल्या. त्यामुळे बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन यांच्या गीतातील दिलरुबा व तबला वेगळे उमटतात. भारतीय कानाला हा लाभ मोठा आहे.

भारतात संग्रहाऐवजी सुटे गाणे लक्षात राहिले. चित्रपटाच्या तबकड्या अनेकदा चित्रपटाआधीच बाजारात येत. तेव्हा वर्षपूर्ती तबकडीची की चित्रपटाची, हा प्रश्न येथे कायमचा. कव्हरवर तारीख क्वचितच. फार तर ध्वनिमुद्रणहक्काचे वर्ष असते, आणि पुढच्या छपाईवरही बहुधा तेच राहते. चित्रपटबाह्य पॉपमध्ये नाझिया हसनचा ‘डिस्को दीवाने’ (१९८१) व अलिशा चिनॉयचा ‘मेड इन इंडिया’ (१९९५) हे टप्पे ठळक असून दोन्हींचे निर्माते संगीतकार बिद्दू आहेत.

इंदूरमधील मराठी रसिकांत जयंती व पुण्यतिथीची परंपरा अधिक बळकट आहे. लता मंगेशकर यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी याच शहरात झाला व मध्य प्रदेश शासनाचा त्यांच्या नावाचा पुरस्कार १९८४ पासून दिला जातो. किशोरकुमार (जन्म खंडवा, ४ ऑगस्ट १९२९) इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजचे विद्यार्थी. एलपीच्या दृष्टीने मात्र ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ (१९१२–७४) महत्त्वाचे. त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारी सारंगिये होते. जन्मस्थान काहींच्या मते इंदूर, काहींच्या मते कलानौर. बालपण व घडण इंदूरची, याबद्दल दुमत नाही. १९६० च्या सुमारास एचएमव्हीने काढलेल्या त्यांच्या एलपीत एका बाजूस राग मारवा व दुसरीस राग दरबारी आहे. झूमरा तालातील त्यांची अतिविलंबित बढत (अतिशय संथ लयीतील रागविस्तार) तीन मिनिटांच्या तबकडीत मावणे शक्यच नव्हते. अल्बम म्हणून वर्षपूर्ती साजरी व्हावी अशी ही ध्वनिमुद्रिका आहे. तिच्या दोन्ही बाजू क्रमाने, मध्ये न थांबता ऐकाव्यात.