रानफुलांचा हंगाम आणि डोंगरातले सुट्टीचे घर (पुणे परिसर)

श्रावणापासून आश्विनापर्यंत पुण्यातील अनेक कुटुंबे शनिवार-रविवार धरून घाटमाथ्यावरच्या घरी राहायला जातात आणि भोवतालच्या माळावर, कातळावर उमललेली रानफुले पाहतात. त्या प्रथेची ही नोंद. घर स्वतःचे, नातेवाइकांचे किंवा दोन दिवसांपुरते भाड्याचे असते. सोबत शेत असो वा नसो, त्याला सरसकट 'फार्महाऊस' म्हणतात. घरच्या बोलण्यात मात्र 'पानशेतचे घर', 'मुळशीचे घर' असेच नाव असते. पानशेत-वरसगाव, वेल्हे, मुळशी-ताम्हिणी, लोणावळा-खंडाळा आणि भोर हे त्याचे मुख्य पट्टे. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांसह जागतिक वारसा यादीत आले आणि रानफुले म्हणजे कास असे समीकरण झाले. पण पुणेकराला तेरडा, सोनकी किंवा सीतेची आसवे पाहायला इतके लांब जावे लागत नाही.

पाऊस आणि कातळ : पुणे शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लोणावळ्यात तो चार हजारांच्या पुढे जातो. अवघ्या साठ-पासष्ट किलोमीटरच्या रस्त्यावर हा फरक पडतो, आणि फुलांचे सारे गणित त्यातच आहे. इथला डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांतून बनलेला. सपाट कातळावर माती असते ती बोटभर, फार तर वीतभर. चार महिने ती पाण्याने थबथबलेली आणि उरलेले आठ महिने भाजून निघणारी. अशा जागी झाड मूळ धरू शकत नाही. टिकतात त्या तीन महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून संपणाऱ्या वनस्पती, किंवा उन्हाळाभर कंदाच्या रूपाने जमिनीत निजून राहणाऱ्या. सततच्या पाण्याने मातीतला नायट्रोजन धुपून जातो. ती उणीव काही वनस्पती किडे पकडून भरून काढतात. पानांवरच्या चिकट थेंबांनी किडा धरणारा दवबिंदू आणि पाण्यातल्या इवल्या फुग्यांत सूक्ष्म जीव ओढून घेणारी, निळ्या-जांभळ्या फुलांची सीतेची आसवे ही त्यांतली दोन. दोन्ही बोटाएवढ्या उंचीची आहेत. ती दिसायची तर गुडघे टेकावे लागतात, म्हणून ती बहुधा घरातल्या लहान मुलांना आधी सापडतात.

फुलोऱ्याचा क्रम : मृगाच्या सरी स्थिरावल्या की आषाढात पांढरी आमरी आणि रानहळद वर येते. रानहळदीच्या दांड्याच्या टोकाला गुलाबी-जांभळी पाने असतात. पुष्कळ जण त्यांनाच फूल समजतात. खरे फूल पिवळे, आणि ते खालच्या हिरव्या पानांच्या खोबणीत लपलेले असते. श्रावणात कळलावी कुंपणावर चढते. ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांमुळे तिला अग्निशिखाही म्हणतात. तिच्या सर्वांगात, विशेषतः कंदात, जहाल विष असते. लहान मुले बरोबर असतील तर पहिल्याच दिवशी ती दाखवून ठेवावी.

भाद्रपद हा तेरड्याचा महिना. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण एका फुलाला लागू पडते. उताराचा उतार गुलाबी झाला की तो काही आठवडे तसाच राहतो. काही घरांत गौरी म्हणून तेरड्याची मुळासकट रोपेच आणतात आणि मुळांना गौरीची पावले मानतात. त्याच सुमारास पांढऱ्या बटणांसारखे गेंद ओल्या सपाटीवर दाटतात, आणि कवळ्याची पिवळी फुले येतात. त्यांच्या एका जातीच्या पाकळ्यांवर दोन लाल ठिपके असतात, म्हणून मुलांनी तिचे 'मिकी माऊस' केले आहे. नाव परके असले तरी फूल अगदी इथलेच आहे. मग सोनकी. गणपती गेले, ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की सोनकी माळ पिवळे करते. हस्ताचा पाऊस सरला की गवताला तांबूस झाक येते आणि कोजागरीपर्यंत बराचसा माळ वाळू लागतो.

या यादीत कंदीलपुष्पाला वेगळी जागा द्यायला हवी. वेलीवर किंवा ताठ दांड्यावर लटकलेला हा छोटा कंदील म्हणजे माशीसाठीचा सापळा. आतल्या खाली वळलेल्या केसांमुळे माशी बाहेर पडू शकत नाही. केस मलूल झाल्यावर ती परागांसह सुटते. सह्याद्रीत याच्या कित्येक जाती आहेत आणि त्यांतल्या काही जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. कंद खाण्याजोगा असल्याने तो उकरला जातो. त्यामुळे एखादे कंदीलपुष्प दिसले तर त्याची नेमकी जागा सर्वांना कळवू नये.

या फुलांच्या अभ्यासात पुण्याचा वाटा जुना आहे. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेली सूची सिद्ध करणारे थिओडोर कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे. आघारकर संशोधन संस्थेतही या डोंगरांतल्या वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे.

घर : डोंगरावर हवा पालटायला जाण्याची रीत इंग्रजी अमदानीत रुजली. महाबळेश्वर १८२८ च्या सुमारास वसवले गेले आणि पुरंदरवर गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यधाम झाले. पुणेकरांच्या मनात मात्र पहिले डोंगरातले घर सिंहगडावरचेच. लोकमान्य टिळकांचा बंगला तिथे होता, आणि महात्मा गांधी व टिळक यांची भेटही गडावर झाली होती. मध्यमवर्गाला असे घर घेता येऊ लागले ते गेल्या तीन-चार दशकांत, गाड्या आणि रस्ते आल्यावर. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेता येत नाही. १९४८ च्या कूळ कायद्याचे ते बंधन आहे. त्यामुळे वडिलोपार्जित सातबारा नसेल तर बिगरशेती प्लॉट घेऊन बांधतात.

तलावाकाठच्या घरांतून दिसणारे पाणी हे धरणांचे आहे, हे इथे नोंदवणे भाग आहे. मुळशीच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी वाचवण्यासाठी १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, आणि तरीही गावे बुडाली. पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुण्याची नदीकाठची वस्ती वाहून गेली. ओसरीत बसून नातवंडांना पाणी दाखवताना ही हकिकतही सांगायला हवी.

सुट्टीचा दिवस : शनिवारी पहाटे चांदणी चौक किंवा खडकवासला ओलांडला की अर्धा प्रवास झालाच. घर महिनाभर बंद असते. दार उघडताच कोंदट वास येतो. गाद्यांना ओल आणि चपलांना बुरशी आलेली असते. पहिला तास खिडक्या उघडण्यात, केर काढण्यात आणि घर राखणाऱ्या दादांशी बोलण्यात जातो. विजेचा भरवसा नसतो. चुलीवर पिठले-भाकरी, ठेचा, कांदाभजी आणि संध्याकाळी कोरा चहा हा ठरलेला बेत.

पण या दोन दिवसांतली खरी जाणकार असते ती आजी, किंवा गावातल्या मावशी. शहरातला मुलगा ज्याला गवत म्हणतो त्यात त्यांना टाकळा, कुर्डू, फोडशी आणि कवळ्याची भाजी दिसते. भारंगीच्या फुलांची भाजी कडूपणा काढून कशी करायची तेही त्यांनाच ठाऊक. रानफुलांची ओळख पुस्तकापेक्षा अशा भाजीतून पक्की होते, असे या लेखकाचे निरीक्षण आहे. फुले पाहायला सकाळी लवकर निघावे. केन्याचे निळे फूल दुपारपर्यंत मिटून जाते, आणि धुकेही दुपारनंतर पुन्हा उतरते.

जमीन आणि धोके : ज्या बोटभर मातीवर फुले येतात तीच घर बांधताना सर्वांत आधी खरवडली जाते. कातळाचा सपाट तुकडा बांधकामाला आणि वाहनतळाला सोयीचा असतो, म्हणून तो कोब्याखाली जातो. त्यावर तांबडी माती टाकून विकतची हिरवळ अंथरली की दवबिंदू, गेंद आणि सीतेची आसवे तिथून कायमची जातात, कारण त्यांना निकस, पाणथळ मातीच हवी असते. खत घातलेली चांगली माती त्यांच्या मुळावर येते. ज्यांच्या अंगणात कातळ आहे त्यांनी तो उघडा ठेवावा; त्याहून चांगली बाग तिथे करता येणार नाही.

दुसरा धोका रंगानेच फसवतो. रस्त्याकडेला आणि पुण्याच्या टेकड्यांवर दाटीने फुललेला केशरी-पिवळा कॉसमॉस हे रानफूल समजून लोक त्यात उभे राहून छायाचित्रे काढतात. तो मूळचा मेक्सिकोकडचा. बागेतून निसटलेले त्याचे बी स्थानिक रोपांची जागा बळकावते. घरी नेऊन पेरण्यासाठी त्याचे बी गोळा करू नये. गाजरगवताची भारतातली पहिली ठळक नोंद पुण्यातच, १९५० च्या दशकाच्या मध्यात झाली. ते पुढे किती पसरले हे आपण पाहतोच आहोत.

कारवी : या नोंदीतले घर आणि फूल जिथे एक होतात ती वनस्पती म्हणजे कारवी. तिच्या सरळ काठ्या उभ्या-आडव्या बांधून, वर शेणमातीचा गिलावा देऊन घाटातल्या घरांच्या भिंती, म्हणजे कूड, पिढ्यानपिढ्या होत आले. कुडाच्या घरात उन्हाळ्यात गारवा आणि पावसात ऊब राहते. उतारावरची माती धरून ठेवते तीही कारवीच. ती साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच, एका भागातली सारी झुडपे मिळून फुलते. ऑगस्ट-सप्टेंबरात डोंगर जांभळा-निळा होतो आणि मधमाश्या गर्दी करतात. कारवीचा मध गडद आणि दाट असतो. दोन फुलोऱ्यांच्या मधे चौथीतले मूल अकरावी-बारावीत गेलेले असते. म्हणून काही घरांत कारवीचे वर्ष दाराच्या चौकटीवर, मुलांच्या उंचीच्या खुणांशेजारी लिहून ठेवतात.

फुलून झाल्यावर झुडूप वाळते. हिवाळ्यात ती तपकिरी काटकी उदास दिसते आणि आवार साफ करताना पहिला कोयता तिच्यावर पडतो. राखणदाराला तेवढे आधी सांगून ठेवावे लागते, कारण बी त्या वाळक्या बोंडांतच असते. वणव्यातून वाचली तर पुढच्या पावसाच्या पहिल्या ओलीने ती बोंडे तडतडत फुटतात. आसपास कारवी भरपूर असेल तर तो आवाज ओसरीपर्यंत ऐकू येतो.