भूतकाळाचा नियम आणि त्याला न जुमानणारी क्रियापदं

इंग्रजीत सर्वांत जास्त तोंडात येणारी दहा क्रियापदं काढली तर यादी साधारण अशी होते: बी, हॅव, डू, से, मेक, गो, टेक, कम, सी आणि गेट. साध्या भूतकाळाचा नियम सांगतो, क्रियापदाला ‘एड’ लावा. या दहांतलं एकही तो पाळत नाही. ‘गो’चं ‘वेन्ट’ होतं, ‘सी’चं ‘सॉ’, ‘टेक’चं ‘टुक’. नियमाने वागणारी हजारो क्रियापदं भाषेत असताना शिकणाऱ्याच्या वाट्याला पहिल्यांदा नेमकी हीच येतात, आणि मग तीन रकान्यांचा तो तक्ता घोकणं आलंच.

हा भाषेचा खोडसाळपणा वाटतो, पण त्यामागे हिशेब आहे. हार्वर्ड विद्यापीठातल्या एरेझ लीबरमन, मार्टिन नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००७ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडला. जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं त्यांनी निवडली आणि पुढे त्यांचं काय झालं ते पाहिलं. मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत त्यांतली १४५ अनियमित उरली होती, आज ९८ आहेत. बाकीच्यांनी एकेक करत ‘एड’ लावून घेतला. आज ‘हेल्प’चं ‘हेल्प्ड’ होतं. एके काळी ते ‘होल्प’ होतं, हे इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्याही सहसा गावी नसतं. जे क्रियापद शंभर पट कमी वापरात, ते दहा पट वेगाने नियमित होतं, असं गणित निघालं.

कारण सोपं आहे. ‘वेन्ट’ कुठल्याही नियमातून निघत नाही, ते ऐकून लक्षात ठेवावं लागतं. रोज कानावर पडणारं रूप प्रत्येक पिढी सहज उचलते. वर्षातून एकदा ऐकलेलं रूप ऐन वेळी आठवत नाही आणि माणूस नियम लावून मोकळा होतो. असं पुरेशा लोकांनी केलं की चूक हीच भाषा होते. अनियमित क्रियापदं फार वापरात दिसतात ती यामुळेच. वापर कमी असलेली केव्हाच गळाली. नव्याने आलेल्या क्रियापदांना तर सहसा नियमाशिवाय गतीच नाही: गूगल्ड, टेक्स्टेड. तेव्हा तो तक्ता वर्णानुक्रमे पाठ करण्यात काही अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. वापराच्या क्रमाने घेतला तर पहिली तीस-चाळीस रूपं रोजच्या बोलण्यातला मोठा भाग उचलून धरतात.

इंग्रजी घरात वाढणाऱ्या मुलांचा प्रवास याहून मजेशीर असतो. मूल आधी ‘वेन्ट’ अगदी बरोबर म्हणतं. मग काही महिन्यांनी एक दिवस ‘गोएड’ म्हणायला लागतं. घरात कोणीच असं बोलत नाही, म्हणजे हे ऐकून आलेलं नाही. नियम सापडल्याची ती खूण आहे, जरा जास्तच उत्साहात वापरलेल्या नियमाची. मराठीतल्या ‘केलं’च्या जागी ‘करलं’ म्हणणारं मूलही हेच करत असतं. आई-बापांना वाटतं पोरगं मागे गेलं, खरं तर ते पुढे गेलेलं असतं. रॉजर ब्राउन यांनी तीन मुलांचं बोलणं दीर्घकाळ नोंदवून १९७३ मध्ये जो क्रम प्रसिद्ध केला, त्यातही अनियमित भूतकाळ आधी पक्का होतो आणि नियमित त्यानंतर.

मात्र या चुका वाटतात तितक्या होत नाहीत. गॅरी मार्कस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ८३ मुलांच्या बोलण्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अनियमित क्रियापदांच्या शंभर भूतकाळी वापरांत सरासरी चारच्या आसपास ठिकाणी असा अतिरेक सापडला. त्या कानाला खटकतात म्हणून घरच्यांच्या लक्षात राहतात, एवढंच.

मूल खरोखर नियम वापरतं की ऐकलेलं परत म्हणतं, हे ठरवण्याची नामी युक्ती जीन बर्को यांनी १९५८ मध्ये काढली. त्यांनी शब्दच खोटे बनवले. चित्रात एक माणूस काहीतरी करतोय, त्याला ‘रिक’ करता येतं, कालही त्याने तेच केलं, तर काल त्याने काय केलं? चार ते सात वर्षांच्या बहुतेक मुलांनी ‘रिक्ड’ म्हटलं, जे त्यांनी जन्मात ऐकलेलं नव्हतं. ‘ग्लिंग’चं मुलांनी ‘ग्लिंग्ड’ केलं, पण मोठ्यांपैकी अनेकांनी ‘ग्लँग’ केलं, कारण त्यांच्या डोक्यात सिंग-सँग, रिंग-रँग ही घराणी मुरलेली होती. म्हणजे अनियमितांतही एक अर्धवट शिस्त आहे. ‘मॉट’ या खोट्या क्रियापदावर मात्र मुलं सर्वांत जास्त अडखळली. शेवटी आधीच ‘ट’ असल्याने भूतकाळ होऊन गेला असंच जणू त्यांना वाटलं.

इथून मोठा वाद पेटला: डोक्यात खरोखर नियम असतो, की ऐकलेल्या नमुन्यांवरूनच सगळं जमतं? १९८६ मध्ये डेव्हिड रुमेलहार्ट आणि जेम्स मॅक्लेलँड यांनी संगणकावरच्या एका साध्या न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणं पाहून शिकणाऱ्या यंत्रणेला, क्रियापदं आणि त्यांचे भूतकाळ दाखवले. नियम कुठेही लिहून दिला नव्हता, तरी ते मुलांसारखं आधी बरोबर, मग चूक, मग पुन्हा बरोबर असं शिकलं. स्टीव्हन पिंकर आणि अ‍ॅलन प्रिन्स यांनी दोन वर्षांनी त्याची चिरफाड केली: आधी दहाच क्रियापदं देऊन मग एकदम चारशेवर ओतली, तर ती मधली घसरण तुम्हीच घडवून आणलीत! हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही.

मोठेपणी इंग्रजी शिकणाऱ्याची अडचण वेगळी. नियम त्याला पहिल्या दिवशी कळतो, वाक्यात मात्र उतरत नाही. एक कारण ‘यस्टरडे’. हा शब्द असला की काळ समजलेला असतो, ‘एड’ न ऐकताही काम भागतं, आणि मन शब्दाकडे लक्ष देऊन प्रत्यय सोडून देतं. बिल व्हॅनपॅटन यांनी हे तत्त्व मांडलं. दुसरं कारण आवाजाचं. लिहिताना एकच ‘एड’ दिसतो, पण ‘वॉक्ड’मध्ये तो ‘ट’ होतो, ‘प्लेड’मध्ये ‘ड’, आणि फक्त ‘वॉन्टेड’सारख्या, ट किंवा ड वर संपणाऱ्या क्रियापदांत ‘इड’. ‘वॉक्ड टू’ भरभर म्हणताना तर तो पुढच्या ‘ट’मध्ये विरून जातो. जे नीट ऐकूच येत नाही ते तोंडात कसं बसणार? युरोपात स्थलांतरित झालेल्या प्रौढांचा अभ्यास वोल्फगांग क्लाइन आणि क्लाइव्ह पर्ड्यू यांनी केला, त्यात अनेकांनी क्रियापद मूळ रूपातच ठेवून, घटना घडल्या त्या क्रमाने सांगत आणि ‘काल’, ‘मग’ असे शब्द पेरत आपलं काम निभावलेलं दिसलं. काही जण त्याच टप्प्यावर थांबले.

भूतकाळ सगळ्या क्रियापदांवर एकाच वेळी चढतही नाही. क्षणात संपणाऱ्या क्रियांवर, म्हणजे तुटणं, पडणं, पोहोचणं यांवर तो आधी येतो. चालणं, खेळणं यांवर नंतर, आणि आवडणं, असणं अशा स्थितींवर सर्वांत उशिरा. त्यामुळे ‘ब्रोक’ बरोबर म्हणणारा शिकाऊ त्याच दमात ‘आय लाइक इट यस्टरडे’ म्हणतो, तेव्हा त्याला निष्काळजी ठरवणं अन्यायाचं होईल.

आणि शेवटी ‘डिड नॉट वेन्ट’. इथे भूतकाळ दोनदा लागला. नकारात आणि प्रश्नात तो एकट्या ‘डिड’वर जातो, मुख्य क्रियापद मूळ रूपात परततं. बऱ्याच अभ्यासकांच्या मते ‘एड’ हा प्रत्ययच मुळात ‘डू’च्या एका प्राचीन भूतकाळी रूपातून आला. तसं असेल तर ‘डिड नॉट वॉक्ड’ म्हणणारा एकाच शब्दाची दोन रूपं एका वाक्यात कोंबतोय. शेक्सपिअरच्या काळात ‘ही वेन्ट नॉट’ हे सरळ चालत होतं. ‘डू’ची मदत सक्तीची होत गेली ती त्यानंतर, आणि शिकणाऱ्यांच्या निम्म्या कटकटी मला वाटतं तिथूनच सुरू झाल्या.