बोटावरचा आकडा आणि छातीतली धाप

सकाळी उठल्यावर आधी बोटाला ऑक्सिमीटर लावायचा. बोट गार असेल तर आकडा स्थिरच होत नाही. मग तळवे चोळायचे, जरा थांबायचं, पुन्हा लावायचा. आज धाप जास्त लागतेय का, कफाचा रंग बदललाय का, तेही टॅबलेटवर भरायचं. दूर कुठेतरी एक नर्स हे सगळं बघते. सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांच्या श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार, असलेल्या अनेकांचा दिवस आता असा सुरू होतो.

श्वास मोजायची सुरुवात मात्र घरापासून फार लांब झाली. 1846 मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी स्पायरोमीटरवरचं, म्हणजे फुफ्फुसांत किती हवा मावते ते मोजणाऱ्या यंत्रावरचं, आपलं काम प्रसिद्ध केलं. तेव्हा रुग्णानेच यंत्रापाशी जायचं होतं. 1974 मध्ये जपानचे ताकुओ आओयागी यांनी नाडीच्या ठोक्यांवरून रक्तातला ऑक्सिजन मोजायची युक्ती मांडली. बोटावरचा चिमटा त्यातूनच आला. 1980 आणि 1981 मध्ये अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या दोन चाचण्यांनी दाखवलं, की ऑक्सिजन फारच कमी असलेल्या रुग्णांनी दिवसातले किमान पंधरा तास तो घेतला तर आयुष्य वाढतं. उपचार घरी आले, मग देखरेखही त्यांच्या मागोमाग आली.

2008 मध्ये इंग्लंडने कॉर्नवॉल, केंट आणि न्यूहॅम इथे दूरस्थ देखरेखीचा मोठा प्रयोग सुरू केला. अशा प्रयोगांकडून मुख्य अपेक्षा होती ती रुग्णालयातल्या भरती कमी होण्याची. 2013 मध्ये स्कॉटलंडमधल्या 256 सीओपीडी रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला आणि भरतीत फरक दिसला नाही. तेवढ्यावरून हे सगळं वाया गेलं म्हणणं मला मुळीच पटत नाही. रुग्णांशी बोलायला गेलेल्या संशोधकांना वेगळंच ऐकू आलं होतं. कुणीतरी लक्ष ठेवून आहे, या जाणिवेनेच रात्रीची भीती कमी होते. आपलं दुखणं वाढणार, हे आकड्यावरून आधीच ओळखता येऊ लागतं. ‘उगाच डॉक्टरांना त्रास कशाला’ म्हणत अंगावर काढणाऱ्या माणसाला फोन करायला एक हक्काचं कारण मिळतं. भरतीच्या तक्त्यात यातलं काहीच उमटत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी. रोज मोजायचं म्हणजे आजार रोज आठवायचा. काहींना आकडा बघितल्याशिवाय चैन पडत नाही, जीव बरा असला तरी. आणि आकड्याचा अर्थ माणसागणिक बदलतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या रुग्णाला ऑक्सिजन देताना 88 ते 92 टक्के हेच लक्ष्य धरतात. निरोगी माणसाची मर्यादा त्याच्या यंत्रात घातली, तर ते रोजच धोक्याचा इशारा देणार. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की कृष्णवर्णीय रुग्णांमधला कमी झालेला ऑक्सिजन ऑक्सिमीटरच्या नजरेतून गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट वेळा निसटतो. कोविडमुळे हा चिमटा घरोघरी पोहोचला, तेही त्याच वर्षी.

म्हणून नवी योजना आली की रुग्ण पहिला प्रश्न विचारतात तो यंत्राबद्दल नसतोच. शुक्रवारी संध्याकाळी आकडा घसरला तर तो कोण बघणार, शुक्रवारीच की सोमवारी?