भारतातली एलएलबी आणि अमेरिकेतली इमिग्रेशन प्रॅक्टिस: एलएलएमसाठी कर्ज काढायच्या आधी हे वाचा

खूप जणांचा पक्का समज असतो की अमेरिकेत एच-१बी, ग्रीन कार्डच्या केसेस करणारा अ‍ॅटर्नी व्हायचं तर आधी तिकडून एलएलएम (कायद्यातली मास्टर्स) करावंच लागतं. दरवेळी तसं नसतं, आणि यात लाखोंचा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी मुद्दा लायसन्सचा. इमिग्रेशनचा कायदा फेडरल आहे, त्यामुळे कुठल्याही एका राज्याच्या बारचे (तिथल्या लायसन्सधारक वकिलांच्या संस्थेचे) मेंबर असलात आणि तुमच्यावर बंदी-निलंबन काही नसलं की यूएससीआयएससमोर (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) देशभरातल्या क्लायंटची केस घेता येते. न्यूयॉर्कचं लायसन्स आणि क्लायंट टेक्सासचा, हे रोज चालतं. (दुसऱ्या राज्यात ऑफिस थाटायचं असेल तर तिथल्या बारचे नियम वेगळे बघा.) म्हणून तुमची डिग्री जिथे चालते ते राज्य निवडायचं.

भारतातून येणारे बरेचसे न्यूयॉर्क धरतात. तिथला नियम ५२०.६ सांगतो की तुमचं शिक्षण कॉमन लॉ पद्धतीचं असेल आणि कालावधी अमेरिकन लॉ स्कूलच्या तोडीचा असेल तर थेट बार परीक्षेला बसता येतं. आपला कायदा कॉमन लॉचाच, त्यामुळे रेग्युलर तीन वर्षांची किंवा पाच वर्षांची एलएलबी यात बसू शकते, पण ठरवणार तिथलं बोर्ड ऑफ लॉ एक्झामिनर्स. दोन्हीपैकी एकाच गोष्टीत कमी पडलात तर ती कमतरता अमेरिकेत २४ क्रेडिटचं एलएलएम करून भरून काढता येते, तेसुद्धा वर्गात बसून, आणि त्यात प्रोफेशनल रिस्पॉन्सिबिलिटी, लीगल रायटिंग वगैरे ठरावीक विषय हवेतच. म्हणून माझं म्हणणं एकच, आधी बोर्डाकडे ऑनलाइन फॉरेन इव्हॅल्युएशनचा अर्ज टाका, उत्तर येऊ द्या, मग एलएलएमचा विचार करा.

कागदपत्रांत मुख्य म्हणजे सगळ्या वर्षांच्या मार्कशीट किंवा ट्रान्सक्रिप्ट, डिग्री सर्टिफिकेट आणि बार कौन्सिलची सनद. ट्रान्सक्रिप्ट युनिव्हर्सिटीकडून थेट बोर्डाकडे जावी लागते, तुम्ही स्कॅन करून पाठवलेली चालत नाही, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. मार्कशीटवर आडनाव आधी मग नाव मग वडिलांचं नाव, पासपोर्टवर वेगळाच क्रम, लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर अजून घोळ. एकाच व्यक्तीची ही नावं आहेत असं युनिव्हर्सिटीकडून लेखी आणा आणि पुढचा प्रत्येक फॉर्म पासपोर्टवरच्या नावानेच भरा.

मंजुरी आली की परीक्षा. यूबीई (बऱ्याच राज्यांत चालणारी सामाईक बार परीक्षा) दोन दिवसांची, फेब्रुवारी आणि जुलैत, ४०० पैकी २६६ हवेत, आणि परदेशी शिक्षण असलेल्यांना फी ७५० डॉलर. याशिवाय एमपीआरईत (वकिलीच्या नीतिनियमांची परीक्षा) ८५, न्यूयॉर्क लॉ कोर्स आणि त्याची परीक्षा, ५० तास प्रो बोनो (मोफत कायदेशीर) काम, आणि कामाचं कौशल्य आहे हे दाखवणारी एक वेगळी अट. शेवटी अ‍ॅडमिशनचा अर्ज, त्यात चारित्र्याची अ‍ॅफिडेव्हिट्स आणि जिथे जिथे कायद्याचं काम केलं तिथल्या लोकांची अ‍ॅफिडेव्हिट्स. पास झाल्यावर ३ वर्षांत हा अर्ज करावा लागतो, तेव्हा जुन्या सीनियर वकिलांशी संबंध टिकवून ठेवा.

नागरिकत्वाची अट नाही, पण लायसन्स मिळालं म्हणजे काम करायची परवानगी मिळाली असं अजिबात नाही. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर एलएलएम केलंत तर ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची मुभा) १२ महिन्यांचं, स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या डिग्रीला मिळणारी) २४ महिन्यांची वाढ कायद्याच्या डिग्रीला नाही. बारमध्ये अजून अ‍ॅडमिशन नसेल तर फर्म एच-१बी साधारणपणे लॉ क्लर्क म्हणून फाइल करते, कारण अ‍ॅटर्नी पदाला लायसन्स लागतंच.

आता रोजचं काम. प्रत्येक केसला जी-२८ फॉर्म, त्यावर तुमची आणि क्लायंटची सही, त्याशिवाय यूएससीआयएस तुम्हाला वकील मानत नाही. लेबर डिपार्टमेंटचं एलसीए (एच-१बीआधीचा पगाराबाबतचा अर्ज) आणि पर्म (ग्रीन कार्डसाठी, जाहिरात देऊनही योग्य अमेरिकन उमेदवार मिळाला नाही हे दाखवायचा अर्ज) ही दोन्ही ‘फ्लॅग’ नावाच्या पोर्टलवर. फी बहुतेक वेळा कंपनी देते, पण आय-१४० मध्ये (कंपनीने कर्मचाऱ्याच्या ग्रीन कार्डसाठी भरायचा अर्ज) कंपनी आणि कर्मचारी दोघंही तुमचे क्लायंट असू शकतात, आणि उद्या कंपनीने त्याला काढलं तर तुम्ही कोणाचे, हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवून घ्यायला हवं. पर्मचा खर्च आणि कंपनीच्या वकिलाची फी कंपनीनेच भरायची, कर्मचाऱ्याकडून वसूल करायची नाही, हा २००७ पासूनचा नियम आहे. आणि पर्मच्या जाहिरातीवर आलेल्या अमेरिकन उमेदवारांचे इंटरव्ह्यू वकिलाने घ्यायचे नाहीत, एरवी त्या कंपनीच्या अशा पदांसाठी तोच घेत असेल तरच. नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे अडकतो, एचआरवाले सहज म्हणतात रेझ्युमे तुम्हीच गाळून द्या ना. पहिली छाननी कंपनीचीच, हे त्यांना ईमेलवर लिहून कळवा आणि तो ईमेल फाइलमध्ये ठेवा, ऑडिट आलं तर तोच दाखवायचा असतो.