दंतवैद्य आणि बाहेरची लॅब: हे नातं कसं घडलं

कॅप, ब्रिज किंवा कवळी बसवून घेणाऱ्या बऱ्याच रुग्णांना ती वस्तू डॉक्टरांनी स्वतः बनवलेली नाही, हे ठाऊकच नसतं. माप क्लिनिकमध्ये घेतलं जातं, ते डब्यात बंद होऊन लॅबमध्ये जातं आणि तिथला टेक्निशियन कधीही न पाहिलेल्या माणसासाठी दात घडवतो. पुढे "माप नीट आलं नव्हतं" असं लॅब म्हणते आणि "कॅप उंच झाली" असं क्लिनिक म्हणतं. दोन्ही बाजू बऱ्याचदा खरं बोलत असतात. हे अंतर कसं पडलं, ते समजून घेतलं की या तक्रारींकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहता येतं.

सुरुवातीला अंतर नव्हतंच. हस्तिदंत किंवा पाणघोड्याचा दात कोरायचा, हिरडीवर टेकवून पाहायचा, जिथं रुततो तिथं तासायचा, पुन्हा टेकवायचा. रुग्ण समोर बसलेला असल्याशिवाय हे काम पुढं सरकत नसे. 1756 मध्ये बर्लिनच्या फिलिप फाफ यानं मेणात माप घेऊन त्यावरून प्लॅस्टरचं मॉडेल ओतण्याची रीत लिहून ठेवली. माझ्या मते बाहेरच्या लॅबची खरी सुरुवात इथं आहे. तोंडाची प्रतिकृती हाती आली, म्हणजे रुग्णाशिवाय, दुसऱ्या खोलीत, दुसऱ्याच माणसाच्या हातून काम होऊ शकत होतं.

काही वर्षांतच असं काम दुसऱ्याकडून करून घेण्याचा अनुभव फ्रान्समध्ये आला. पॅरिसजवळचा औषधविक्रेता द्युशातो आपल्या हस्तिदंती कवळीच्या दुर्गंधीनं हैराण झाला होता. 1774 मध्ये त्यानं पॅरिसच्या एका चिनीमातीच्या कारखान्याकडून कवळी बनवून घ्यायचं ठरवलं. कारखान्याला माती आणि भट्टी यांची उत्तम जाण होती, तोंडाची नव्हती. भट्टीत माती आकसायची आणि कवळी बसायची नाही. निकोला द्युबुआ द शेमाँ या दंतवैद्याची मदत घेतल्यावर काम मार्गी लागलं. पुढं शेमाँनं स्वतःच्या नावावर राजाचं पेटंट मिळवलं आणि श्रेय कुणाचं यावरून वाद कोर्टात गेला. पदार्थ जाणणारा एक आणि रुग्ण जाणणारा दुसरा, या दोघांनी मिळून केलेल्या कामाच्या इतक्या जुन्या उदाहरणातही भांडण आहेच, याचं मला वाईट वाटतं.

अंतरावरून काम करताना काय काय कळवावं लागतं, याचा एक सुंदर दाखला अमेरिकेत आहे. जॉर्ज वॉशिंग्टन आपल्या कवळ्या दुरुस्तीसाठी न्यूयॉर्कच्या जॉन ग्रीनवुड या दंतवैद्याकडे पाठवत. 1798 च्या डिसेंबरमध्ये त्यांनी बजावून लिहिलं, की ओठ आताच पुढं आलेले दिसतात, ते आणखी पुढं ढकलले जातील असं काहीही करू नका. ग्रीनवुडनं उत्तरात कळवलं, की आलेला संच फार काळा पडला आहे, हे पोर्ट वाइनमुळं झालं असावं, जेवणानंतर कवळी काढून स्वच्छ पाण्यात ठेवत जा. रुग्णाचा चेहरा कसा दिसतो आणि वस्तू कोणत्या अवस्थेत परत आली, या दोन्ही गोष्टी पत्रात आहेत. आजच्या कित्येक लॅब स्लिपवर, म्हणजे मापासोबत लॅबला जाणाऱ्या चिठ्ठीवर, यातलं एकही वाक्य सापडत नाही.

मोठी घडामोड मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात झाली. 1846 मध्ये बोस्टनला ईथरची भूल जाहीरपणे यशस्वी ठरली आणि दात काढणं सुसह्य झालं. थोड्याच वर्षांत व्हल्कनाइट हे कडक रबर आलं, त्यामुळं कवळी स्वस्त झाली. मागणी इतकी वाढली की रुग्णाच्या खुर्चीजवळचा वेळ आणि कवळ्या घडवण्याच्या बाकावरचा वेळ एकाच माणसाला पुरेना. क्लिनिकच्या मागच्या खोलीत हाताखालची माणसं आली, आणि 1880 च्या दशकात बोस्टनमध्ये डॉ. स्टो यांनी फक्त इतर दंतवैद्यांसाठी काम करणारी लॅब चालवली. 1907 मध्ये विल्यम टॅगर्ट यांनी मेणाच्या नमुन्यावरून सोन्याचं ओतकाम दाखवलं, तेव्हा ओतकामाचं यंत्र, भट्टी आणि रोजचा सराव असलेला हात यांची गरज लागली. एकट्या दवाखान्याला हे परवडणारं नव्हतं. काम बाहेर गेलं ते या हिशोबानं.

बाहेर गेल्यावर संशयही आला. ब्रिटनमध्ये 1921 च्या कायद्यानं नोंदणी नसलेल्यांना दंतवैद्यकी बंद केली, पण दातांच्या टेक्निशियनना स्वतःची सक्तीची नोंदणी मिळायला 2008 साल उजाडलं. दुसरीकडं ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियानं 1957 मध्ये आणि कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियानं 1958 मध्ये टेक्निशियनना थेट रुग्णांना कवळी देण्याची मुभा दिली. दंतवैद्यांच्या संघटनांना हे रुचलं नाही. "टेक्निशियनला फार जवळ केलं तर तो आपला रुग्ण नेईल" ही भीती तेव्हापासूनची आहे, आणि तिच्यापायी कित्येक डॉक्टर आपल्या टेक्निशियनला रुग्ण पाहूही देत नाहीत.

1962 मध्ये धातूवर पोर्सेलीन चढवण्याच्या पद्धतीचं पेटंट निघालं आणि रंगाचा प्रश्न ऐरणीवर आला. तोवर मागची कॅप सोन्याची असायची, रंगाचं कुणाला पडलेलं नसे. आता पुढच्या दातात कॅप दिसणार होती. शेड गाइडवरच्या, म्हणजे दातांच्या रंगांच्या नमुना-पट्टीवरच्या, 16 छटांपैकी "ए-2" एवढंच लिहून पाठवलं, तर टेक्निशियननं मुळाजवळचा पिवळसरपणा आणि टोकाची पारदर्शकता कुठून ओळखायची? ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये 2000 नंतर लॅबकडं आलेल्या सूचनांच्या पाहण्या झाल्या. त्यांत अपुऱ्या सूचनांची कामं मोठ्या संख्येनं आढळली. कॅप किंवा कवळीच्या रचनेचा निर्णयसुद्धा बऱ्याचदा टेक्निशियनवर सोडलेला होता.

आपल्याकडं 1948 च्या दंतवैद्य कायद्यानं टेक्निशियनला "डेंटल मेकॅनिक" म्हणून जागा दिली आणि राज्यांच्या परिषदांकडं त्यांची नोंदवही ठेवली. म्हणजे कागदावर आपण ब्रिटनच्या कितीतरी पुढं होतो. प्रत्यक्षात बरेच कारागीर लॅबमध्ये उमेदवारी करूनच शिकले. मुंबई-पुण्याच्या लॅबमध्ये जिल्ह्यांतून कुरिअरनं डबे येतात आणि डॉक्टरांची ओळख बऱ्याचदा फोनवरच्या आवाजापुरती असते. बीडीएसच्या पहिल्या दोन वर्षांत विद्यार्थी मेणाचे दात कोरतात, कवळीचं दातरचनेचं काम करतात, अ‍ॅक्रिलिक शिजवतात. नंतर उपयोग काय, अशी कुरकुर तेव्हा चालते. माझं ठाम मत आहे, की ज्यानं मार्जिनवर, म्हणजे कॅपची कड दाताला जिथं मिळते त्या रेषेवर, मेण चढवताना घाम गाळलाय तोच पुढं स्वच्छ माप पाठवतो. 2023 मध्ये संसदेनं 1948 च्या कायद्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला, तेव्हा टेक्निशियनच्या शिक्षणाचा नव्यानं विचार करायला ही चांगली वेळ आहे.

1985 मध्ये झुरिकला वेर्नर म्योरमान यांनी संगणकावर आखलेलं पहिलं भरण रुग्णाच्या दातात बसवलं. तोंडात फिरणारा स्कॅनर त्याच वाटेनं आला. पूर्वी प्लॅस्टर ओतल्यावर मार्जिनवरचा बुडबुडा दिसायचा, तोवर रुग्ण घरी पोचलेला असे. आता रुग्ण खुर्चीत असतानाच फाइल लॅबमध्ये उघडते, टेक्निशियन फोन करून "आतल्या बाजूची रेषा दिसत नाही" असं सांगू शकतो आणि डॉक्टर लगेच पुन्हा स्कॅन घेतात. अर्थात डॉक्टरनं तो फोन उचलायला हवा. रुग्ण रात्री दात खातो, हसताना वरची हिरडी दिसते, आधीच्या कॅपचा आकार त्याला आवडायचा, हे स्कॅनमधून कळत नाही. ते अजूनही स्लिपवर लिहावं लागतं.