गेंड्या भुंगा परदेशी गेला तेव्हा

ज्याच्या अंगणात माड आहेत त्याला गेंड्या भुंगा दाखवून द्यावा लागत नाही. नवी झावळी उलगडली की तिची पाती कात्रीने तिरकी कापल्यासारखी दिसतात, शेंड्यापाशी भोक असतं आणि भोकातून चोथा बाहेर आलेला असतो. कोकणातला जुना उपाय म्हणजे तारेचा आकडा भोकात घालून भुंगा ओढून काढायचा आणि गायरीतलं खत उपसताना सापडतील त्या जाड पांढऱ्या अळ्या मारायच्या. नुकसान होतंच. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, कोवळी असतानाच कापली गेली तर नारळ कमी लागतात आणि जखमेच्या वासावर खोड पोखरणारा सोंड्या भुंगा आला तर माड हातचा जातो. पण एकट्या गेंड्यापायी गावंच्या गावं बोडकी झाली, असं आपल्याकडे कुणी सांगत नाही. पॅसिफिक महासागरातल्या काही बेटांवर मात्र तसं घडलंय, आणि भुंगा तोच, ओरिक्टिस ऱ्हायनोसेरॉस.

दक्षिण आणि आग्नेय आशिया हे त्याचं मूळ घर. पॅसिफिकमध्ये तो पोचला १९०९च्या सुमारास. सामोआ तेव्हा जर्मनीची वसाहत होती आणि मळ्यांसाठी सिलोनहून रबराची रोपं मागवली होती, त्यांच्याबरोबर हा पाहुणा उतरला. सामोआचा मुख्य व्यापार खोबऱ्याचा, त्यामुळे सरकार हादरलं. गावकऱ्यांनी भुंगे, अळ्या आणि अंडी शोधून आणून द्यायची, अशी सक्ती झाली. यामागचं गणित बरोबर होतं. माडाचा रस पितो तो पूर्ण वाढलेला भुंगा, पण त्याची पैदास होते कुजलेल्या खोडांत, शेणात, पालापाचोळ्याच्या ढिगांत. शेंड्यावर चढून एकेक भुंगा मारण्यापेक्षा खालचा ढीग साफ करणं केव्हाही सोपं. १९१४मध्ये बेटं न्यूझीलंडच्या ताब्यात गेली, तरी ही शोधमोहीम चालूच राहिली.

मग यात राजकारण शिरलं. १९२०च्या दशकाच्या शेवटी ‘माऊ’ या स्वराज्याच्या चळवळीने न्यूझीलंडच्या प्रशासनाशी असहकार पुकारला, तेव्हा लोकांनी ज्या सरकारी गोष्टींकडे पाठ फिरवली त्यांत भुंगे शोधण्याचं कामही होतं. त्याच दशकात आपल्याकडे असहकार म्हणजे विदेशी कापडाची होळी. तिकडे तो माडावरच्या किड्यापर्यंत पोचला होता. झाडं लोकांचीच होती, पण सक्ती परक्याची असली की कामाचा चांगुलपणा कोण बघतो?

साफसफाईने भुंगा पुरता संपवता येतो, याचा दाखला एकच आणि तोही छोट्या बेटाचा. टोंगामधल्या निउआटोपुटापू बेटावर तो १९२१मध्ये सापडला आणि १९३०पर्यंत नामशेष झाला. बाकी ठिकाणी तो पसरतच गेला. दुसऱ्या महायुद्धात जहाजांची ये-जा वाढली, तोफा आणि बॉम्बांनी मोडलेले माड जागच्या जागी कुजले. पलाऊमध्ये १९४२च्या सुमारास शिरलेल्या भुंग्याने पुढच्या दहाएक वर्षांत निम्म्याच्या आसपास माड मारले. १९५३मध्ये फिजी, १९६१मध्ये टोंगाचं मुख्य बेट. शिकारी गांधीलमाश्या आणून सोडून पाहिल्या, त्यांचा फारसा उपयोग झाला नाही.

या सगळ्या इतिहासातलं खरं वळण १९६३चं. आलोइस ह्यूगर हे जर्मन कीटकरोगतज्ज्ञ मलेशियात गेले ते एक साधा प्रश्न घेऊन: भुंग्याच्या मूळ प्रदेशात त्याला आजार कोणते होतात? तिथल्या अळ्यांमध्ये त्यांना एक जीवघेणा विषाणू सापडला. १९६७मध्ये तो सामोआत सोडण्यात आला. रोगट अळ्या कुटून भुशात मिसळायच्या आणि ते ढीग भुंग्यांच्या वाटेत ठेवायचे, असली ही साधी कृती. भुंगे काही दिवसांतच विषाणू घेऊन उडू लागले. लागण झालेला पूर्ण वाढलेला भुंगा लगेच मरत नाही. तो कमी खातो, मादी अंडी घालणं जवळजवळ थांबवते, आणि मरेपर्यंत तो विष्ठेतून रोग इतरांना देत राहतो. पुढच्या काही वर्षांत टोकेलाऊ, फिजी, टोंगा आणि मॉरिशसमध्येही हाच उपाय केला गेला आणि नुकसान खूप खाली आलं. केरळातल्या भुंग्यांत हा विषाणू मुळातच आढळला. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर तो १९८०च्या दशकात मुद्दाम सोडला, आणि तिथेही गुण आला. फवारणी नाही, सक्ती नाही. किडींच्या जैविक नियंत्रणात इतकी स्वस्त आणि टिकाऊ कामगिरी दुर्मीळच म्हणावी लागेल.

सामोआतल्या त्या प्रयोगानंतर जवळजवळ चार दशकं हा विषय मिटल्यासारखाच होता.

सप्टेंबर २००७मध्ये ग्वाम या पॅसिफिकमधल्या अमेरिकी बेटावर, टुमोन उपसागराच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या परिसरात गेंड्या सापडला. नेहमीचा विषाणू आणून सोडला, तर भुंग्यांना काहीच होईना. पुढे जनुकीय तपासणीत दिसलं की ही त्याच जातीची वेगळी शाखा आहे. २०१७मध्ये न्यूझीलंड आणि ग्वामच्या संशोधकांनी तिची नोंद केली. आज ती ‘ग्वाम प्रकार’ म्हणूनच ओळखली जाते. मे २०१५मध्ये ‘डॉल्फिन’ वादळाने ग्वाममध्ये झाडं आडवी केली, सगळीकडे कुजकं लाकूड झालं आणि भुंग्यांचा उद्रेक झाला. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात माड-पोफळींचे सडे पडले होते. पडलेलं खोड फाडून, जाळून किंवा हलवून टाका असा सल्ला अशा वेळी का देतात, हे ग्वामवरून कळतं.

हा नवा प्रकार पापुआ न्यू गिनीची राजधानी पोर्ट मोर्सबी, सॉलोमन बेटं आणि हवाई इथवर गेला. हवाईत तो डिसेंबर २०१३मध्ये ओआहू बेटावर, पर्ल हार्बरच्या लष्करी तळाजवळ सापडला. ग्वाममध्ये लोक खताच्या ढिगांवर मासेमारीची जाळी पसरतात. बाहेर पडणारे भुंगे शिंगांसकट त्यात अडकतात. गंधसापळे आहेत, हुंगणारी कुत्री आहेत, खोडात औषध टोचणंही आहे, पण ही कामं थांबवली की भुंगा परत वाढतो. ओआहूवरून खत, पालापाचोळा आणि ताडवर्गीय रोपं इतर बेटांवर नेण्यावर हवाईने २०२२मध्ये बंधनं घातली. २०२३मध्ये काउई बेटावर भुंगा सापडला. ग्वाम प्रकारावर चालेल असा विषाणूचा वाण शोधण्यासाठी संशोधक आता पुन्हा आग्नेय आशियातले आजारी भुंगे तपासताहेत.